लाईट गेली की सोलर का झोपतं?

मी बोलतोय अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीहून. हो, 2023 च्या उपोषणामुळे देशभर नाव झालेलं तेच गाव, पण आज विषय विजेचा. छतावर सोलर बसवलेले लोक हमखास विचारतात: भर दुपारी एवढं ऊन आहे, मग लाईट गेली की आपलं सोलर पण बंद का?

कारण साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर स्वतःचा ताल धरत नाही, ग्रिडचा ऐकतो. तो ताल 50 हर्ट्झचा, म्हणजे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं. ग्रिड गप्प झाली की त्याला 2 सेकंदांच्या आत थांबावंच लागतं. नाहीतर डीपी बंद करून खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरून शॉक! हा नियम मला तरी शंभर टक्के पटतो.

पण ग्रिडपासून सुटून एकट्याने चालायचं आणि परत जुळायचं, हा खेळ महाराष्ट्रात मोठ्या मापावर झालाय. मुंबईत 1981 पासून 'आयलँडिंग' आहे. बाहेरची ग्रिड कोसळली तर शहर तुटून बेट होतं आणि ट्रॉम्बेच्या, घाटातल्या जलविद्युत केंद्रांच्या विजेवर चालतं. अट एकच: बेटावर जेवढी मागणी, तेवढी निर्मिती हवी. 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी कळवा-पडघा भागातल्या लाईन गेल्या आणि ते गणित जमलं नाही. बेट टिकलंच नाही. कोविडचे दिवस, लोकल जागच्या जागी थांबल्या, हॉस्पिटलं जनरेटरवर.

सुटणं असं अवघड. जुळणं त्याहून नाजूक. पूर्वी आपली पश्चिम ग्रिड आणि दक्षिणेची ग्रिड वेगवेगळ्या तालात चालायच्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला एसीची डीसी करून पुन्हा एसी करायचे, म्हणजे ताल न जुळवताही वीज पलीकडे जायची. मग 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची लाईन जोडली आणि अख्खा देश एका तालात आला. जोडताना व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि लाटेचा कोन, तिन्ही जुळावे लागतात. ढोल पथकात मधेच शिरणारा आधी ठेका ऐकतो ना, तसंच. कोन चुकला की जोडताक्षणी प्रचंड करंट धावतो.

हायब्रिड इन्व्हर्टर हेच घरात करतो. लाईट गेली की आधी घर ग्रिडपासून तोडतो, मग बॅटरीच्या जोरावर स्वतः ताल देतो. चांगल्या मशीनला यासाठी साधारण 10-20 मिलिसेकंद पुरतात, वायफायसुद्धा बंद पडत नाही. लाईट आली तरी तो लगेच उडी मारत नाही. ग्रिड स्थिर आहे का बघतो, आपली फ्रिक्वेन्सी किंचित सरकवत कोन जुळवतो आणि मगच स्विच लावतो.

घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: बॅकअप आहे का, बदलायला किती मिलिसेकंद लागतात, आणि मोटर चालेल का. तिसरी विसरू नका, कारण मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि घरापुरता इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो.