मंगळावरील रेघा आणि मंगळावरील नद्या

आकाशातील ग्रहांपैकी मंगळाइतके कुतूहल आणि मंगळाइतकी धास्ती क्वचितच दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आली असेल. त्याच्या तांबूस तेजामुळे रोमन लोकांनी त्याला आपल्या युद्धदेवतेचे नाव दिले. आपल्याकडे तो अंगारक झाला, भौम म्हणजे भूमीचा पुत्र झाला. पत्रिकेतील मंगळापायी किती ठरलेली लग्ने मोडली असतील याची तर गणतीच नाही. दुर्बिणीचा शोध लागल्यावर या कल्पनांना आळा बसावयास हवा होता. प्रत्यक्षात दुर्बिणीनेच एका नव्या आणि अधिक मोहक कल्पनेला जन्म दिला. तिचा निरास होऊन खरा मंगळ माणसाच्या दृष्टीस पडावा यासाठी यंत्रांना तेथवर जावे लागले. ‘मंगळावर पाणी आहे काय?’ या एकाच प्रश्नाचे उत्तर गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलले. ते कसे बदलत गेले हे पाहणे उद्बोधक आहे.

या कथेचा आरंभ एका शब्दापासून होतो. रोमन कॉलेजच्या वेधशाळेचे प्रमुख, येशूसंघीय धर्मगुरू फादर अँजेलो सेक्की यांनी १८५८ साली मंगळाचे वेध घेतले व त्याची रंगीत चित्रे रेखाटली. ग्रहावरील एका गडद भागाचे वर्णन करताना त्यांनी ‘कानाले’ हा इटालियन शब्द योजला. पाणी वाहून नेणारा कोणताही मार्ग, मग तो निसर्गाने कोरलेला असो वा माणसाने खणलेला, या शब्दात सामावतो. पुढे १८७७ साली मंगळ पृथ्वीच्या विशेष जवळ आला असता मिलान येथील ब्रेरा वेधशाळेत जोव्हान्नी स्कियापारेल्ली यांनी त्याचा तपशीलवार नकाशा तयार केला. ग्रहावर त्यांना ज्या बारीक रेषा दिसल्या, त्यांना त्यांनी त्याच शब्दाच्या अनेकवचनाने, म्हणजे ‘कानाली’ या नावाने संबोधले. इंग्रजीत त्याचे भाषांतर ‘कालवे’ असे झाले आणि तेथेच घोटाळा झाला. नदी आपोआप वाहते. कालवा कोणीतरी खणावा लागतो. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला होता आणि त्याचे कौतुक जगभर ताजे होते. मंगळावर कालवे असतील तर ते खणणारेही असलेच पाहिजेत, असे अनुमान काढण्यास लोकांना वेळ लागला नाही.

या अनुमानाला शास्त्राचा पेहराव चढविला तो बोस्टनच्या एका श्रीमंत घराण्यातील पर्सिव्हल लोवेल यांनी. १८९४ साली त्यांनी अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतात फ्लॅगस्टाफ येथे स्वखर्चाने वेधशाळा उभारली आणि पुढील आयुष्य बहुतांशी मंगळाला वाहिले. मंगळ हा सुकत चाललेला ग्रह आहे, तेथील बुद्धिमान प्रजा ध्रुवांवरील वितळणारे बर्फ कालव्यांतून विषुववृत्ताकडे नेते व दुष्काळाशी झुंजत तग धरून राहते, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यांचे ग्रंथ वाचकप्रिय झाले. पाण्यासाठी सारा ग्रह एकजुटीने राबतो आहे हे चित्र होतेच तसे हृदयस्पर्शी.

तथापि, शंका घेणारेही होते. ग्रीनिच वेधशाळेतील खगोलवेत्ते एडवर्ड मॉन्डर यांनी १९०३ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. शाळकरी मुलांपुढे त्यांनी मंगळाच्या आकृतीची एक चकती टांगली व जसे दिसेल तसे रेखाटण्यास सांगितले. चकतीवर कालव्यांच्या रेघा नव्हत्या. होते ते विखुरलेले ठिपके व अस्पष्ट खुणा. तरीही ठराविक अंतरावर बसलेल्या अनेक मुलांनी सरळ रेघा काढल्या. दृष्टीच्या सीमेवर असलेले तुटक ठिपके डोळा आपोआप जोडून टाकतो, हे त्यातून स्पष्ट झाले. उत्क्रांतितत्त्वाचे एक जनक आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १९०७ साली एक छोटे पुस्तक लिहून असे दाखविले की, इतक्या थंड व विरळ हवेच्या ग्रहावर उघड्या कालव्यांतून पाणी वाहणेच शक्य नाही. १९०९ साली पॅरिसजवळील म्यूदों येथील मोठ्या दुर्बिणीतून युजीन अँटोनियाडी यांनी पाहिले, तेव्हा त्या रेघा विरून गेल्या व त्यांच्या जागी वेडेवाकडे डाग दिसले. लोवेल मात्र १९१६ साली मृत्यू येईपर्यंत आपल्या मतावर ठाम राहिले. लोवेल लबाड नव्हते आणि आळशी तर नव्हतेच. वर्षानुवर्षे रात्री जागवून त्यांनी जे पाहिले तेच कागदावर उतरविले होते. त्यांची फसगत त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांनी केली.

पुढील पाऊल मानवी डोळ्याच्या आवाक्याबाहेरचे होते. २८ नोव्हेंबर १९६४ रोजी अमेरिकेने ‘मरिनर ४’ हे यान सोडले. जुलै १९६५ मध्ये ते मंगळापासून सुमारे ९,८०० किलोमीटर अंतरावरून पुढे निघून गेले व जाताजाता त्याने एकवीस-बावीस छायाचित्रे टिपली. ती पृथ्वीकडे पाठविण्याचा वेग इतका मंद होता की, एका छायाचित्रास आठ तासांहून अधिक काळ लागे. कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील तंत्रज्ञांना एवढा धीर कोठून असणार? यानाकडून आलेले आकडे छापलेल्या कागदी पट्ट्या त्यांनी भिंतीवर शेजारीशेजारी चिकटविल्या व प्रत्येक आकड्याला ठरलेला रंग खडूने भरला. परग्रहाजवळून आलेले हे पहिले चित्र अशा रीतीने हाताने रंगविले गेले.

चित्रांत कालवे नव्हते. होती ती चंद्रावर असतात तशी विवरे. हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या एक शतांशाहूनही कमी भरला. शतकभराचे स्वप्न एका आठवड्यात मावळले आणि मंगळ हा मृत ग्रह असल्याचा निर्वाळा दिला जाऊ लागला. आता गंमत पाहा. त्या छायाचित्रांत ग्रहाचा जेमतेम एक टक्का भूभाग आला होता. लोवेल यांनी आशेच्या भरात थोडक्या पुराव्यावरून सारा ग्रह वसविला होता. या वेळी निराशेच्या भरात तितक्याच थोडक्या पुराव्यावरून तो ओसाड ठरविला गेला.

हा निकालही फार काळ टिकला नाही. नोव्हेंबर १९७१ मध्ये ‘मरिनर ९’ मंगळाच्या कक्षेत शिरले, तेव्हा सारा ग्रह धुळीच्या प्रचंड वादळाने झाकलेला होता. त्याच सुमारास पोहोचलेल्या सोव्हिएत संघाच्या ‘मार्स २’ व ‘मार्स ३’ या यानांचा कार्यक्रम आधीच ठरवून दिलेला असल्याने, कक्षेत फिरणाऱ्या त्यांच्या भागांना धुळीचीच चित्रे घ्यावी लागली. ‘मार्स ३’ची कुपी पृष्ठभागावर अलगद उतरली खरी, परंतु काही सेकंदांतच तिचा संदेश थांबला. ‘मरिनर ९’ला मात्र पृथ्वीवरून नव्या आज्ञा देता येत होत्या. धूळ खाली बसेपर्यंत त्याला थांबविण्यात आले. प्रथम चार डोंगरांची माथी वर आली. ते महाकाय ज्वालामुखी होते. त्यांतील ऑलिंपस पर्वताची उंची वीस किलोमीटरांहून अधिक आहे. मग सुमारे चार हजार किलोमीटर लांबीची दरी दृष्टीस पडली. आणि शेवटी दिसली ती कोरडी नदीपात्रे: वळणे घेणारी, उपनद्या मिळालेली, मध्ये बेटे असलेली. सेक्की यांचा शब्द त्याच्या मूळ अर्थाने खरा ठरला होता. मंगळावर पाण्याचे मार्ग होते. ते कोणी खणलेले नव्हते, आणि त्यांतील पाणी कोट्यवधी वर्षांपूर्वीच आटून गेले होते.

पाणी होते तर जीवही असेल काय? हा प्रश्न घेऊन २० जुलै १९७६ रोजी ‘व्हायकिंग १’ मंगळाच्या भूमीवर उतरले; सप्टेंबरमध्ये त्याचे जुळे यान दुसऱ्या ठिकाणी उतरले. पहिल्या रंगीत छायाचित्रात आकाश निळसर दिसत होते. रंगांची नीट जुळवाजुळव केल्यावर ते गुलाबी असल्याचे आढळले. ही दुरुस्ती जाहीर होताच जमलेल्या वार्ताहरांनी थट्टेने हुर्यो केली म्हणतात! आकाश आपल्यासारखे असावे ही ओढ तेथेही सुटली नव्हती. यानातील जीवशोधाच्या तीन प्रयोगांपैकी एकाने होकारार्थी म्हणता येईल असा प्रतिसाद दिला. परंतु मातीत सेंद्रिय द्रव्य आढळले नाही, तेव्हा बहुतेक शास्त्रज्ञांनी निष्कर्ष नकारार्थी मानला. त्या प्रयोगाचे प्रमुख गिल्बर्ट लेव्हिन यांना तो अखेरपर्यंत मान्य झाला नाही. २००८ साली ध्रुवीय प्रदेशात उतरलेल्या ‘फिनिक्स’ यानाला मातीत परक्लोरेट नावाचे क्षार सापडले. माती तापविली असता हे क्षार सेंद्रिय द्रव्याचा नाश करतात, आणि ‘व्हायकिंग’ने माती तापवूनच तपासली होती. जीव सापडला असे यावरून सिद्ध होत नाही. मात्र ‘सेंद्रिय द्रव्य नाही’ हा पूर्वीचा निकाल वाटला होता तितका पक्का नव्हता.

या शोधयात्रेत अपयशेही थोडी नाहीत. १९९९ साली ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ पोहोचून नष्ट झाले, कारण एका गटाने बलाचे मोजमाप इंग्रजी परिमाणात केले होते व दुसरा गट ते मेट्रिक समजून चालला होता. उलट काही यंत्रांनी अपेक्षेपलीकडे साथ दिली. २००४ च्या जानेवारीत ‘स्पिरिट’ व ‘ऑपॉर्च्युनिटी’ या दोन चाकांच्या गाड्या उतरल्या. नव्वद दिवसांचे काम नेमून दिलेली ‘ऑपॉर्च्युनिटी’ २०१८ च्या जूनपर्यंत चालली व तिने पंचेचाळीस किलोमीटर मजल मारली. पाण्यात घडणारी खनिजे तिला खडकांत आढळली. ‘स्पिरिट’चे एक चाक निकामी झाले होते. ते फरफटत नेत असता २००७ साली वरची माती खरवडली गेली आणि खाली पांढरी, सिलिकाने समृद्ध माती उघडी पडली. असे सिलिका उष्ण पाण्याच्या किंवा वाफेच्या संपर्कातून साचते. सर्व चाके धड असती तर कदाचित ही खूण झाकलेलीच राहिली असती.

ऑगस्ट २०१२ मध्ये गेल विवरात उतरलेल्या ‘क्युरिऑसिटी’ने प्रथम ओढ्यातले गोलसर गोटे दाखविले. पुढच्या वर्षी खडकाला छिद्र पाडून तिने सिद्ध केले की, तेथे एके काळी फारसे आम्ल नसलेले, सूक्ष्मजीवांना मानवेल असे गोडे पाणी साठून होते. मग ते गेले कोठे? २०१४ साली कक्षेत पोहोचलेल्या ‘मेव्हन’ यानाच्या मोजणीनुसार मंगळाचे बरेचसे वातावरण सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोताने अवकाशात उधळले गेले. हवेचे पांघरूण गेल्यावर पाणी उघड्यावर टिकेना. काही अवकाशात गेले, काही बर्फ होऊन राहिले, काही खनिजांत बद्ध झाले.

याच महिन्यात, २४ सप्टेंबर २०१४ रोजी, भारताचे ‘मंगळयान’ पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत स्थिरावले. सुमारे साडेचारशे कोटी रुपयांच्या या मोहिमेची कक्षा लांबट होती, त्यामुळे तिच्या कॅमेऱ्याला दूरवरून मंगळाचा संपूर्ण गोल एका चौकटीत टिपता आला. सहा महिन्यांसाठी योजलेले हे यान २०२२ पर्यंत संपर्कात राहिले. १८७७ साली स्कियापारेल्ली ज्या लहानशा कंप पावणाऱ्या बिंबाकडे डोळे ताणून पाहत होते, तेच बिंब आता भारतीय यंत्राने स्वच्छ दाखविले होते, आणि त्यावर एकही रेघ नव्हती.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘पर्सिव्हिअरन्स’ ही गाडी जेझेरो विवरात उतरली. हे नाव बोस्नियातील एका गावाचे. तेथील भाषेत त्याचा अर्थ ‘सरोवर’ असा आहे. विवरात खरोखरच एक सरोवर होते व त्याला एक नदी मिळत असे. त्या नदीच्या कोरड्या खोऱ्यात जुलै २०२४ मध्ये गाडीला एक खडक आढळला. त्यावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे ठिपके होते. पृथ्वीवर चिखलातील सूक्ष्मजीव सेंद्रिय द्रव्यावर जगताना जी लोहयुक्त खनिजे मागे ठेवतात, तशी खनिजे त्या ठिपक्यांत असल्याचे सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात म्हटले आहे. मात्र जीवांविनाही ती तयार होऊ शकतात, हेही तेथे तितक्याच स्पष्टपणे नोंदविले आहे. शास्त्रज्ञांनी शब्द वापरला तो ‘संभाव्य जैवखूण’.

वाचकहो, यातील ‘संभाव्य’ हा शब्द मिळविण्यास दीडशे वर्षे लागली आहेत. पुन्हा ठिपकेच समोर आहेत, आणि ते जोडून रेघ काढण्याचा मोह लोवेल यांच्या काळी होता तितकाच आजही आहे. या वेळी मात्र रेघ काढण्याची घाई कोणी केलेली नाही. त्या खडकाचा एक नमुना गाडीने नळीत बंद करून ठेवला आहे. तो पृथ्वीवर आणून प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय निर्णय देता येणार नाही. परंतु नमुने आणण्याच्या मोहिमेचा खर्च आठ ते अकरा अब्ज डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज २०२३ साली पुढे आला आणि ती योजना अडखळली. माणूस या विश्वात एकटा आहे की नाही, या अतिप्राचीन प्रश्नाच्या उत्तराचा एक अंश कदाचित बोटाएवढ्या नळीत बंद आहे. तो तेथेच राहू द्यायचा की घरी आणायचा, हे ठरविणे यंत्राच्या हाती नाही.