राखेत उरलेला कोळसा : एका आकड्याचा इतिहास

१/ औष्णिक वीजकेंद्राच्या राखेत थोडा कार्बन न जळताच उरतो. तो किती उरला, हे आधी बॉयलरच्या अभियंत्याने विचारले आणि पुढे काँक्रीट करणाऱ्याने. आकडा एकच, परंतु दोघांसाठी त्याचा अर्थ निराळा होता. त्या आकड्याची ही कथा.

२/ १९१८ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहराच्या ओनायडा स्ट्रीट वीजकेंद्रात जॉन अँडरसन आणि फ्रेड डॉर्नब्रुक यांनी कोळसा पिठासारखा दळून हवेच्या झोतासह भट्टीत सोडण्याचे प्रयोग सुरू केले. ही पद्धत पुढे जगभर रुळली.

३/ अशा भट्टीत कोळशाचा कण जेमतेम काही सेकंद राहतो. दळण जाडसर राहिले किंवा हवा कमी पडली, तर त्याचा गाभा जळत नाही आणि राखेबरोबर धुराड्याकडे निघून जातो.

४/ मोजण्याची रीत साधी आहे. राख वाळवून तोलावी, मुशीत सुमारे ७५० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत तापवावी, पुन्हा तोलावी. घटलेले वजन म्हणजे ढोबळमानाने जळून गेलेला कार्बन.

५/ अभियंत्याच्या दृष्टीने हा वाया गेलेल्या इंधनाचा हिशेब. राखेत ५ टक्के कार्बन असेल, तर १० टक्के खनिज राखेच्या १०० किलो कोळशामागे सुमारे अर्धा किलो कार्बन वाया जातो. ४० टक्के राखेच्या कोळशामागे दोन किलोंहून अधिक. भारतीय कोळशात राख पुष्कळ असल्याने हा फरक आपल्याकडे विशेष जाणवतो.

६/ १९३७ साली बर्कले येथील रेमंड डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी काँक्रीटमधील राखेच्या उपयोगावर संशोधन प्रसिद्ध केले. १९५३ साली पूर्ण झालेल्या मोंटानातील हंग्री हॉर्स धरणात ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. टाकाऊ राखेला गिऱ्हाईक मिळाले.

७/ या गिऱ्हाइकाला मात्र कार्बन नको होता. हिमप्रदेशात पाणी गोठून काँक्रीट फुटू नये, म्हणून त्यात रसायनाने सूक्ष्म बुडबुडे राखतात. सच्छिद्र कार्बन तेच रसायन शोषून घेतो. म्हणून अमेरिकी मानकाने तापवल्यावर होणाऱ्या वजनघटीला सर्वसाधारणपणे ६ टक्क्यांची मर्यादा घातली.

८/ मग १९९० साली अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यात दुरुस्ती झाली. नायट्रोजनची ऑक्साइडे कमी व्हावीत म्हणून नवे बर्नर आले. त्यांत ज्वाळेला आरंभी हवा कमी मिळते आणि तापमान आटोक्यात राहते. धूर सुधारला, अनेक ठिकाणी राखेतला कार्बन मात्र वाढला. विकली जाणारी राख पुन्हा टाकाऊ ठरू लागली. हवेचा प्रश्न सोडवताना त्याचा काही भार राखेच्या ढिगावर पडला होता.

९/ याच काळात मुशीच्या चाचणीची उणीवही ठळक झाली. तापवताना कार्बोनेटांतील वायू आणि बांधलेले पाणीही निघून जाते. शिवाय कार्बन सारखाच असलेल्या दोन राखा रसायन कमीअधिक शोषतात, कारण कार्बनचा पृष्ठभाग सारखा नसतो. म्हणून राख-सिमेंटच्या पाण्यात ते रसायन थेंबाथेंबाने घालून फेस कधी टिकतो, हे पाहणारी चाचणी वापरात आली.

१०/ तेव्हा मित्रांनो, जुन्या अहवालात ‘राखेतील कार्बन : ६ टक्के’ असे वाचाल, तेव्हा तो कोणी, कोणत्या रीतीने आणि कशासाठी मोजला हे आधी पाहा. एकाला त्यात वाया गेलेला कोळसा दिसत होता, दुसऱ्याला तडकणारे काँक्रीट.