साडेतीन मिलिमीटरचा सार्वजनिक वारसा

गाढवी नदीवर गोठणगावाजवळ इटियाडोहचे धरण १९७० च्या सुमारास उभे राहिले, तेव्हा अर्जुनी मोरगावच्या परिसराला सिंचन नवे नव्हते. कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि बोड्या इथे काही शतकांपासून धान पिकवत होत्या. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव हे त्यांतले सर्वांत ठळक उदाहरण. पाळ कधी दुरुस्त करायची, गाळ कोणी काढायचा, पाणी आधी कोणाच्या बांधीत सोडायचे, हे गावाच्या रीतीने ठरत असे. हा भाग मध्य प्रदेशात असताना १९५० च्या कायद्याने मालगुजारी ही जमीनदारीची पद्धत संपली, तलाव सरकारी झाले आणि ‘माजी मालगुजारी’ म्हणजे ‘मामा तलाव’ या नावाने कागदोपत्री उरले. पुढे धरण आले, कालवा आला, उन्हाळी धान घेता येऊ लागले. हा लाभ मोठा आहे आणि तो कोणी नाकारत नाही. पण ज्या तलावांची देखभाल सुटली ते गाळाने भरत गेले, आणि आता त्यांच्याच पुनरुज्जीवनाच्या योजना सरकारला राबवाव्या लागत आहेत. नवी, मोठी सोय आली म्हणून जुनी सामायिक सोय मोडीत काढायची का, हा प्रश्न या मुलखाने असा अनुभवला आहे. गेल्या दशकात तोच प्रश्न मोबाइल फोनच्या कडेला असलेल्या साडेतीन मिलिमीटरच्या छिद्रापाशी येऊन ठेपला. हेडफोन जॅक काढून टाकण्याचा वाद शहरी शौकिनांचा म्हणून सोडून देण्याची चूक आपण करू नये. जॅक काढण्याची वेळ तंत्रज्ञानाने आणली नव्हती. कोणाच्याही मालकीचे नसलेले एक मानक काही कंपन्यांनी आपल्या सोयीने बाजूला केले, आणि त्याचा भार सर्वांत जास्त पडतो तो इटियाडोहसारख्या भागांवर.

हे मानक किती जुने आहे ते आधी पाहायला हवे. अमेरिकेत न्यू हेवन इथे १८७८ मध्ये पहिले व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले आणि लवकरच एक्स्चेंजच्या फळ्यांवर जॅकच्या रांगा दिसू लागल्या. दोन ग्राहकांना जोडायचे म्हणजे दोरीच्या टोकाची पितळी पिन एका छिद्रातून काढून दुसऱ्यात खोचायची. मुंबईत, कलकत्त्यात आणि मद्रासमध्ये २८ जानेवारी १८८२ रोजी एक्स्चेंज उघडली. हाताने जोडणी करणारी एक्स्चेंज आपल्या लहान गावांत त्यानंतर शंभर वर्षे टिकली. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने बनवलेले ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज आले तेच मुळी १९८६ मध्ये. एक्स्चेंजची ती पिन पाव इंच जाडीची होती. गिटार, ध्वनिक्षेपक आणि स्टुडिओतले हेडफोन आजही तीच वापरतात. ट्रान्झिस्टर रेडिओच्या काळात तिची धाकटी आवृत्ती आली, साडेतीन मिलिमीटरची. आकार घटला, पण तत्त्व बदलले नाही: धातूला धातू टेकला की आवाज पोहोचला. कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही, स्वामित्वशुल्क भरावे लागत नाही, वेगळी बॅटरी लागत नाही.

स्वस्तात ऐकता येणे ही आपल्याकडे कधीच निव्वळ करमणुकीची बाब नव्हती. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने दीडशे गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि शंका केंद्राला कळवायच्या, अशी त्याची रचना होती. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी त्याचा अभ्यास केला आणि श्रोतृमंडळे असलेल्या गावांत शेतीविषयक ज्ञान लक्षणीय वाढल्याचे दाखवून दिले. पुढे ऐकणे सामूहिकाकडून व्यक्तीकडे सरकले, तरी सामायिकपणा टिकून होता. सोनीने १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये वॉकमन विकायला काढला, तेव्हा त्याच्या पहिल्या नमुन्यावर हेडफोनची दोन छिद्रे होती, म्हणजे एकाच कॅसेटचे गाणे दोघांना ऐकता यावे. त्यानंतरच्या तीन दशकांत कॅसेट गेली, सीडी आली, तीही गेली. छिद्र तेच राहिले. ज्या वस्तूभोवतीची सगळी यंत्रे बदलली आणि ती मात्र बदलावी लागली नाही, तिला कालबाह्य म्हणताना विचार करायला हवा.

मोबाइल फोनवर मात्र हे छिद्र सुरुवातीपासून नव्हते, आणि या वादातला सर्वांत बोलका पुरावा तिथेच आहे. नोकियाचे पॉप-पोर्ट वेगळे, सोनी एरिक्सनचे फास्टपोर्ट वेगळे, काही फोनना अडीच मिलिमीटरची पिन. २००७ च्या पहिल्या आयफोनवर जॅक होता, पण तो इतका आत खोल बसवला होता की बाजारातले बरेच हेडफोन त्यात बसत नसत. २००८ चा पहिला अँड्रॉइड फोन तर जॅकशिवायच आला. म्हणजे फोन बदलला की कानातले बदला, असा तो काळ होता. ग्राहक या जाचाला कंटाळले, स्पर्धा वाढली आणि पुढच्या काही वर्षांत जवळजवळ सर्व कंपन्या साडेतीन मिलिमीटरवर येऊन थांबल्या. तेव्हाही गोंधळ पूर्ण मिटला नव्हता. माइक असलेल्या पिनवर काळ्या पट्ट्यांनी वेगळे केलेले चार भाग असतात: डावा कान, उजवा कान, भूतार आणि माइक. शेवटच्या दोघांची जागा दोन मानकांत उलटसुलट होती, त्यामुळे एका फोनचा हेडफोन दुसऱ्यावर घोगरा वाजे. हळूहळू तोही भेद मिटला. सामायिक सोय आपोआप मिळत नाही, ती वर्षानुवर्षांच्या घासाघिशीतून तयार होते. जॅक काढला गेला तेव्हा ही सारी कमाई पुसली गेली.

ते घडले २०१६ मध्ये. ले-इको आणि मोटोरोला यांनी आधी पाऊल टाकले, पण जगाने दखल घेतली ती ७ सप्टेंबरला आयफोन ७ आला तेव्हा. मंचावरून या निर्णयाला ‘धैर्य’ म्हटले गेले. समर्थनार्थ सांगितले जाणारे मुख्य मुद्दे दोन: आतली जागा वाचते आणि फोन पाण्यापासून सुरक्षित करता येतो. दुसरा मुद्दा त्याच वर्षी खोटा ठरला होता. सॅमसंगचा गॅलेक्सी एस ७ काही महिने आधी बाजारात आला होता. त्याला जॅक होता आणि पाण्यापासून बचावाची त्याची श्रेणी जॅक नसलेल्या आयफोन ७ पेक्षा वरची होती. जागेचा मुद्दा अधिक प्रामाणिक आहे. बॅटरी, कॅमेरे आणि कंपनाची यंत्रणा यांना जागा लागतेच. पण गुगलने २०१७ मध्ये पिक्सेल २ वरून जॅक काढला आणि २०१९ मध्ये स्वस्त पिक्सेल ३ ए वर परत आणला. सोनीनेही २०२० मध्ये आपल्या महागड्या फोनवर तो पुन्हा बसवला. जे एकदा काढून परत बसवता येते ते अशक्य नसते. आता घटनांचा क्रम पाहा. ॲपलने २०१४ मध्ये हेडफोन बनवणारी बीट्स ही कंपनी तीन अब्ज डॉलरना घेतली. जॅक काढला त्याच कार्यक्रमात एअरपॉड्स सादर केले. गुगलने जॅक काढला त्याच दिवशी स्वतःचे बिनतारी हेडफोन पुढे आणले. सॅमसंगने २०१९ मध्ये गॅलेक्सी बड्स बाजारात आणले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नोट १० जॅकशिवाय आला. एका कंपनीच्या बाबतीत याला योगायोग म्हणता येईल, तिघींच्या बाबतीत ते कठीण आहे.

बिनतारी तंत्राचे समर्थक म्हणतात की ब्लूटूथ हेही खुले मानक आहे, तार गुंतत नाही, आणि वाहन चालवणाऱ्याला किंवा काम करणाऱ्याला हात मोकळे मिळतात. हे सगळे खरे आहे. पण ब्लूटूथ आणि जॅक दोन्ही असलेले फोन वर्षानुवर्षे विकले गेले, म्हणजे एकासाठी दुसऱ्याचा बळी देण्याची गरज नव्हती. बिनतारी कानातल्यात एक चिमुकली लिथियम बॅटरी असते. काही वर्षांत ती थकते, आणि बहुतेक नमुन्यांत ती बदलता येत नाही, तेव्हा आवाज नीट देणारी वस्तूही फेकून द्यावी लागते. तारेच्या हेडफोनचे मोडणे वेगळे. तो बहुधा पिनेच्या मुळाशी, जिथे तार वारंवार वाकते तिथे तुटतो. तालुक्याच्या बाजारातला मोबाइल दुरुस्तीवाला तिथे तार कापतो, आतल्या केसासारख्या तारांवरचे लाखेचे आवरण गरम सोल्डरिंग गनने जाळतो, बहुतेक वेळा लाल तार उजव्या कानाची आणि हिरवी डाव्या कानाची हे ओळखतो आणि नवी पिन जोडून देतो. चार्जिंगच्या टाइप-सी छिद्रातून तारेचा हेडफोन लावता येतो, हाही एक आक्षेप. पण त्यात दोन पद्धती आहेत: काही फोन त्या छिद्रातून थेट ध्वनी देतात, काही फक्त अंकीय संकेत देतात आणि त्याचे ध्वनीत रूपांतर करणारी चिप जोडणीत असावी लागते. बाहेरून सारखी दिसणारी जोडणी एका फोनवर चालते, दुसऱ्यावर मुकी राहते. शिवाय एकच छिद्र असल्याने चार्जिंग आणि ऐकणे यांतले एकच निवडावे लागते.

आता सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी चर्चिलेली गोष्ट. फोनमधला एफएम रेडिओ हेडफोनच्या तारेवर चालतो, कारण तीच त्याची अँटेना असते. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा, म्हणजे लहरींची लांबी साधारण तीन मीटर. तिच्या पाव भागाएवढी, पाऊण मीटरच्या आसपासची तार ती चांगली पकडते. कानापासून खिशापर्यंत येणारी तार जवळपास तेवढीच असते. जॅक गेला की ही फुकटची अँटेना जाते आणि बहुतेक वेळा तिच्यासोबत रेडिओही जातो. इंटरनेटवरून रेडिओ ऐकता येतो, असे उत्तर मिळते. पण त्याला डेटा लागतो, टॉवर लागतो आणि टॉवरला वीज लागते. धानाच्या राखणीला रात्री बांधावर बसणाऱ्या माणसाला जंगलाच्या कडेला हे तिन्ही हमखास मिळतील, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पुराच्या वेळी तर नाहीच. गाढवी ज्या वैनगंगेला मिळते तिला ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या महापुराने भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावे वेढली होती. अशा वेळी एकाच प्रक्षेपकावरून लाखोंना एकदम सूचना देऊ शकणारे आणि गर्दीने न कोलमडणारे माध्यम रेडिओ हेच आहे. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२३ मध्ये मोबाइल उद्योगाच्या संघटनांना हेच कारण देऊन फोनमधला एफएम बंद न ठेवण्याचा सल्ला दिला. पण तो सल्लाच होता, आणि अँटेनेची वाट बंद असेल तर आतली चिप चालू ठेवून काय साधणार?

यावर विचारले जाईल की आपल्याकडच्या स्वस्त फोनवर जॅक आजही आहे, मग तक्रार कशाची? २०१७ च्या जिओफोनवर जॅक आणि एफएम दोन्ही होते, आणि कमी किमतीच्या बऱ्याच फोनवर जॅक टिकून आहे, हे मान्यच आहे. पण याच वस्तुस्थितीने दुसरा एक दावा खोडला जातो: ग्राहकांनी जॅक नाकारला असता तर कंपन्यांनी सर्वांत चोखंदळ, पै-पै मोजणाऱ्या ग्राहकासाठी तो ठेवला नसता. शिवाय महागड्या फोनवरची रीत काही वर्षांत खाली झिरपते. खोक्यातून आधी तारेचा हेडफोन जोडण्याचा ॲडाप्टर गेला, ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ सोबत हेडफोनही गेला आणि मग इतरांनीही तोच कित्ता गिरवला. आणखी एक आक्षेप तत्त्वाचा आहे: सरकारने मानके ठरवली तर नवे शोध थांबतील. चार्जरच्या बाबतीत तेच म्हटले गेले होते. तरी युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून फोनना टाइप-सी सक्तीचे केले, आयफोननेही त्याआधीच, २०२३ मध्ये, ते स्वीकारले आणि शोध काही थांबले नाहीत. भारतातही केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या अखेरीस याच दिशेने उद्योगाशी सहमती घडवली आणि भारतीय मानक ब्युरोने टाइप-सीचे मानक काढले. चार्जिंगचे छिद्र हा सार्वजनिक हिताचा प्रश्न असू शकतो, तर ऐकण्याचे छिद्रही असू शकते.

प्रत्येक फोनवर जॅक सक्तीचा करा, अशी मागणी इथे नाही. ज्याला पातळ, बिनतारी आणि महाग फोन हवा त्याने तो जरूर घ्यावा. पण ठरावीक किमतीखालच्या फोनवर साडेतीन मिलिमीटरचा जॅक आणि चालू असलेला एफएम असलाच पाहिजे, असे मानक भारतीय मानक ब्युरोने ठरवावे. शाळा, अंगणवाड्या आणि आपत्ती व्यवस्थापनासाठी सरकार जे फोन विकत घेते त्यांच्या निविदांत ही अट आजच घालता येईल. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. फोनच्या खोक्यावर जॅक आणि रेडिओ आहे की नाही हे ठळक छापणे बंधनकारक करावे. आणि ग्राहकांनीही फोन घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलइतक्याच आग्रहाने दुकानदाराला विचारावे: याला हेडफोनची पिन लागते का, आणि रेडिओ चालतो का? मागणी दिसली की कंपन्या जॅक परत बसवतात, हे २०१९ आणि २०२० मध्ये सिद्ध झाले आहे.