निरपराध फाइल जेव्हा ‘विषाणू’ ठरते

संगणकाच्या रक्षणासाठी बसविलेला अँटिव्हायरस कधीकधी घरच्या माणसालाच चोर समजतो. यास ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ म्हणतात.

अँटिव्हायरस प्रत्येक फाइल ज्ञात विषाणूंच्या खुणांशी, म्हणजेच ‘सिग्नेचर’शी ताडून पाहतो, अनोळखी फाइलबाबत तिच्या वर्तनावरून अंदाज बांधतो. दोन्हींत चूक संभवते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या ५९५८ क्रमांकाच्या अपडेटने विंडोज एक्सपीमधील ‘एसव्हीसीहोस्ट’ ही अत्यावश्यक फाइलच विषाणू ठरविली. परिणामी जगभरातील अनेक कार्यालयांतील संगणक वारंवार बंद-चालू होऊ लागले. मे २००७ मध्ये सिमँटेकच्या अपडेटनेही चिनी भाषेतील विंडोज एक्सपीच्या दोन फाइलींबाबत हीच चूक केली होती.

‘पोटेन्शियली अनवाँटेड प्रोग्रॅम’ अर्थात ‘पीयूपी’ हा प्रकार निराळा. मोफत सॉफ्टवेअरसोबत येणारे टूलबार किंवा जाहिराती दाखविणारे प्रोग्रॅम यात मोडतात. ते विषाणू नसतात. घाईने ‘नेक्स्ट’वर क्लिक करून आपणच त्यांना संमती दिलेली असते. दुरून संगणक हाताळण्याचे सॉफ्टवेअर तंत्रज्ञाच्या उपयोगाचे, तर भामट्याच्या हाती घातक. म्हणूनच अशा प्रोग्रॅमबाबत अनेक अँटिव्हायरस इशारा देऊन निर्णय वापरकर्त्यावर सोपवितात.

इशारा मिळताच फाइल पुसून टाकू नये, ‘क्वारंटाइन’मध्ये ठेवावी, तेथून ती परत आणता येते. ‘व्हायरसटोटल’ या संकेतस्थळावर एकाच फाइलबाबत अनेक अँटिव्हायरसचा कौल मिळतो. मात्र तेथे दिलेली फाइल इतरांच्याही हाती पडू शकते, त्यामुळे खासगी कागदपत्रे देऊ नयेत. चूक वाटल्यास कंपनीला नमुना पाठवावा. मात्र एका चुकीपायी अँटिव्हायरसच बंद करणे म्हणजे चोराला दार उघडून देणे होय.