तोफेतून टेलिफोनकडे

फॉस्फर ब्राँझ हे नाव आपल्या कानांवर क्वचितच पडतं. धातू मात्र आपल्या अवतीभवतीच असतो. चांगल्या प्रतीचा स्विच, रिले किंवा कनेक्टर उघडून पाहिला, तर आत पुष्कळदा नखाएवढी, तांबूस सोनेरी पट्टी दिसते. दाबली की वाकते, सोडली की मूळ जागी येते. वाकणं, परत येणं आणि दरम्यान वीज वाहून नेणं, एवढंच तिचं काम. मी कवितेचा माणूस. लोहारकाम, ओतकाम ही माझी क्षेत्रं नव्हेत. पण या धातूच्या इतिहासानं मला खेचून घेतलं, त्याला कारण आहे. तो ज्या कामासाठी घडवला गेला, ते काम त्याच्या वाट्याला फारसं आलंच नाही. तो निघाला होता तोफखान्याकडे आणि पोचला टेलिफोनपाशी.

ब्राँझ म्हणजे आपल्या कांशाच्याच कुळातला धातू. तांबं आणि कथील यांचा मिलाफ. तांब्यात जस्त मिसळलं की पितळ, कथील मिसळलं की कांसं. घंटा याच कुळातल्या आणि तोफाही याच कुळातल्या. विजापूरची मुलुखमैदान तोफ आठवा. ती १५४९ मध्ये निजामशाहीच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिरानं ओतली. वजन सुमारे ५५ टन सांगतात. मराठीनं या तोफेला भाषेतही जागा दिली. सभा गाजवणाऱ्या वक्त्याला आपण आजही ‘मुलुखमैदान तोफ’ म्हणतो.

अशा ओतकामात एक जुनी अडचण होती. वितळलेला धातू हवेतला प्राणवायू शोषतो. मग त्यात कथिलाच्या भस्माचे कठीण, ठिसूळ कण तयार होतात. वरून गुळगुळीत दिसणारी तोफ आतून कमजोर राहते, आणि कमजोर तोफ शत्रूआधी आपल्याच गोलंदाजाच्या जिवावर उठते.

या अडचणीवर बेल्जियममध्ये दोघांनी उपाय शोधला. जॉर्ज मॉन्टेफिओरे-लेव्ही हा इंग्लंडमध्ये जन्मलेला, पण लिएज शहरात शिकून उद्योजक झालेला इंजिनिअर आणि कुन्झेल हा त्याचा रसायनज्ञ सहकारी. त्यांनी वितळलेल्या ब्राँझमध्ये किंचित फॉस्फरस घातला. फॉस्फरस म्हणजे शेतकऱ्याच्या ‘नत्र, स्फुरद, पालाश’ या त्रयीतलं स्फुरद. त्याला प्राणवायूची विलक्षण ओढ. धातूत अडकलेला प्राणवायू तो आपल्याकडे घेतो आणि मळीबरोबर निघून जातो. धातू स्वच्छ होतो. जो थोडा फॉस्फरस मागे राहतो, तो ब्राँझला जास्त कणखर करतो. तोफांच्या ओतकामासाठी केलेल्या या प्रयोगांचं पुस्तक १८७० मध्ये ब्रुसेल्सला प्रसिद्ध झालं.

पण ते वर्षच उलटं फिरलं. १८७० मध्येच फ्रान्स आणि प्रशिया यांचं युद्ध पेटलं. फ्रेंचांच्या ब्राँझच्या तोफांपुढे क्रुपच्या कारखान्यातल्या, मागून गोळा भरायच्या पोलादी तोफा सरस ठरल्या. पुढचा काळ पोलादाचा आहे हे युरोपला कळून चुकलं. सुधारलेलं ब्राँझ तयार झालं, तेव्हा ब्राँझच्या तोफेचेच दिवस भरत आले होते.

मग या धातूनं करायचं काय? उत्तर आलं ते अनपेक्षित दिशेनं. १८७६ मध्ये ग्रॅहॅम बेलनं टेलिफोनचं पेटंट घेतलं. शहरांच्या छपरांवरून तारा धावू लागल्या. या तारा बारीक हव्यात, पण लांब अंतरावर ताणल्या तरी तुटता कामा नयेत. शुद्ध तांबं यात कमी पडे. फॉस्फर ब्राँझची तार टिकत असे. १८८१ मध्ये पॅरिसला विजेचं मोठं प्रदर्शन भरलं, त्याचा मॉन्टेफिओरेवर खोल परिणाम झाला. १८८३ मध्ये त्यानं लिएजला विद्युतशास्त्र शिकवणारी संस्था उभी केली. ती आजही त्याच्या नावानं तिथल्या विद्यापीठात चालू आहे. तोफा ओतायला निघालेला माणूस मुलांना वीज शिकवण्यासाठी पैसा खर्च करू लागला.

तारेपेक्षाही हा धातू रमला तो स्प्रिंगमध्ये. विजेच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात, तेव्हा त्या पूर्ण टेकल्या असं आपल्याला वाटतं. खरं तर त्या मोजक्या बारीक टोकांवरच भेटतात. भेट पक्की राहायची तर मागून सतत दाब हवा. दाब ढिला झाला की त्या जागी विरोध वाढतो, विरोधानं उष्णता वाढते, उष्णतेनं स्प्रिंग आणखी मऊ पडते आणि दाब आणखी घटतो. सैल सॉकेट काळं पडतं, वितळतं, ते याच चक्रातून.

मग कोणता धातू निवडायचा? तांब्याची वहनशक्ती शंभर धरली, तर फॉस्फर ब्राँझची जेमतेम तेरा ते पंधरा भरते. पितळाची अठ्ठावीसच्या आसपास. आकडे पाहून कोणीही पितळच उचलेल. पण तांबं वाकवलं की वाकलेलंच राहतं. पोलादात लवचीकपणा आहे, पण ते गंजतं. पितळाचं दुखणं तर इंग्रजांना हिंदुस्थानातच कळलं. लष्कराची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये साठवली जात आणि त्यांना आपोआप तडे जात. दुखण्याला नावच ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणजे मोसमी तडे असं पडलं. १९२१ मध्ये उलगडा झाला. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि धातूत आधीच कोंडलेला ताण, या तिघांचं ते काम होतं. फॉस्फर ब्राँझ अशा माऱ्याला बरंच पुरून उरतं. बेरिलियम मिसळलेलं तांबं त्याहून सरस, पण महाग, आणि घडवताना त्याची धूळ फुप्फुसाला घातक.

हा धातू घडवायलाही समजूत लागते. शंभर भागांत चार ते आठ भाग कथील, फॉस्फरस अर्ध्या भागाहूनही कमी, बाकी बहुतेक तांबं. याला पोलादासारखं तापवून, पाण्यात बुडवून कडक करता येत नाही. थंड असतानाच रुळांखाली लाटून लाटून त्यात ताकद भरावी लागते. लाल होईपर्यंत तापवलं, तर ती सगळी ताकद निघून जाते. लाटण्याच्या दिशेनं त्यात लाकडासारखी रेघ बसते. घडी त्या रेघेला आडवी घातली तर पट्टी टिकते, रेघेच्या दिशेनं घातली तर चिरते. घडी घातल्यावर साधारण दोनशे अंश सेल्सियसची सौम्य ऊब दिली, की आतला ताण ओसरतो. लेथवर हे ब्राँझ चिवटपणा करतं, लांब कीस काढतं. हत्याराला धार हवी आणि हात स्थिर हवा. खिळे, पिना कातायच्या असतील तर थोडं शिसं मिसळलेली जात घेतात.

आपल्याकडे मुंबईत १८८२ च्या जानेवारीत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. १९१३-१४ मध्ये सिमल्याला पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज बसलं. स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, बंगळुरूला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज उभी राहिली. त्या काळच्या एक्स्चेंजमध्ये नंबर फिरवला की धातूचे हात खटखट करत वर चढत, शंभर टोकांमधून हवं ते टोक शोधत आणि त्याला अलगद टेकत. असे टेकणारे हात आणि पट्ट्या करण्यात फॉस्फर ब्राँझनं मोठी चाकरी केली. लग्नाची बोलणी, बाळंतपणाच्या खबरा, मयतीचे निरोप, सारं या खटखटीतून गेलं. पुढे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आली आणि ते हात भंगारात निघाले. धातू मात्र निवृत्त झाला नाही. आजही कितीतरी कनेक्टरांत तो आहेच.

तोफेच्या धातूला एकदाच मोठा धक्का द्यायचा असतो. स्प्रिंगच्या धातूला लहानसा दाब वर्षानुवर्षं धरून ठेवायचा असतो. दुसरं काम मला अधिक अवघड वाटतं. घरातलं एखादं सॉकेट सैल झालं असेल, प्लग हातांना गरम लागत असेल, तर ते आजच बदलून घ्या. आतली पट्टी थकली आहे, एवढंच ते सांगत असतं.