‘अंतर्गत बाब’ : कनेरगाव नाका ते पॅरिस, १९४८

आजचा भाग सुरू करण्याआधी एक छोटं काम करा. मोबाइलवर नकाशा उघडा आणि ‘कनेरगाव नाका’ शोधा. हिंगोलीहून वाशीमला जाताना पैनगंगेजवळ लागणारं गाव. सापडलं?

आज इथं मराठवाडा संपतो आणि विदर्भ सुरू होतो, एवढंच. बसमधला माणूस झोपेत असेल तर त्याला कळणारही नाही. पण १९४८ च्या सुरुवातीला या भागात एक राज्य संपत होतं. अलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान, पलीकडे भारत. अलीकडे हाली शिक्का, पलीकडे कलदार रुपया. संस्थानाच्या सरहद्दीवर करोडगिरीचे नाके असायचे, म्हणजे मालावर जकात घेणाऱ्या चौक्या. आणि गंमत बघा, पलीकडचा वऱ्हाडही मूळचा निजामाचाच. १८५३ साली त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला, १९०२ साली कायमचा भाडेपट्टा झाला, आणि एकाच बोलीच्या, एकमेकांत सोयरीक असलेल्या गावांमधून रेघ गेली.

आजचा आपला प्रश्न या रेघेबद्दलच आहे. शेजारच्या राज्यात माणसं मारली जातायत, तुरुंग भरलेत, आणि त्या सरकारशी तुमची बोलणी चालू आहेत. तर हा विषय काढायचा कसा? कारण समोरून एक उत्तर ठरलेलं असतं : ‘ही आमची अंतर्गत बाब आहे.’ जगाच्या बातम्यांत तुम्ही आजही हे वाक्य ऐकता. आपल्या मराठवाड्याच्या इतिहासात ते तीन वेळा, तीन वेगवेगळ्या रूपांत आलं. ते बघूया.

आधी संस्थानातली परिस्थिती. गश्ती निशान ५३ नावाचं एक फर्मान होतं. त्यामुळे सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी लागायची. १९३८ साली स्टेट काँग्रेस नीट स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली, ती १९४६ पर्यंत. १९४७ मध्ये स्वामी रामानंद तीर्थांनी भारतात सामील होण्यासाठी लढा पुकारला आणि १५ ऑगस्टला, देश स्वतंत्र होत असताना, त्यांना अटक झाली. दुसरीकडे लातूरचे वकील कासीम रझवी यांची रझाकार संघटना वाढत होती. गावंच्या गावं रात्रीतून सरहद्द ओलांडून पलीकडे जायला लागली.

अशा वेळी, २९ नोव्हेंबर १९४७ ला, भारत आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. मुदत एक वर्ष. तो करार मी नीट वाचला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, आणि आजचा हा भाग त्यातूनच सुचला. करारात संरक्षण आहे, परराष्ट्र व्यवहार आहे, दळणवळण आहे. वाद झाला तर लवाद नेमायची सोय आहे. एकमेकांकडे प्रतिनिधी पाठवायची तरतूद आहे. अंतर्गत सुव्यवस्थेसाठी भारताने फौज पाठवायची नाही, आणि इंग्रजांकडे असलेली सार्वभौम सत्ताही भारताकडे येणार नाही, हेसुद्धा आहे. पण संस्थानातल्या दीड कोटीहून जास्त रयतेच्या जिवाबद्दल एक कलम नाही.

भारताचे प्रतिनिधी म्हणून कन्हैयालाल मुन्शी जानेवारी १९४८ मध्ये हैदराबादला गेले. करारानंतर सुटलेल्या स्वामीजींना त्याच महिन्यात पुन्हा अटक झाली. मार्चमध्ये दिल्लीने करारभंगाची लेखी तक्रार केली. त्यातले ठळक मुद्दे कोणते? संस्थानात भारतीय चलनावर आणलेली बंधनं, सोन्याचांदीच्या निर्यातीवरची बंदी, पाकिस्तानला दिलेलं वीस कोटींचं कर्ज. हे मुद्दे खोटे नव्हते, पण ते करारात बसवता येत होते म्हणून पक्के होते. रझाकारांचा विषयही दिल्लीने वारंवार काढला. त्यावर पंतप्रधान मीर लायक अली यांच्या सरकारचं म्हणणं असं, की बातम्या फुगवलेल्या आहेत, सरहद्दीपलीकडूनच हल्ले होतायत, भारताने आमची आर्थिक नाकेबंदी केलीय, आणि कायदा-सुव्यवस्था आमची आम्ही बघू. हे वाक्य पहिल्यांदा आलं ते इथं.

आता फरक बघा. मे १९४८ मध्ये गाणगापूर स्थानकावर मेलगाडीतल्या प्रवाशांवर हल्ला झाला. रेल्वे म्हणजे दळणवळण, त्यामुळे तिथं भारताला थेट बोलता येत होतं. त्याच महिन्यात बिदर जिल्ह्यातल्या गोरटा गावात रझाकारांनी हत्याकांड केलं. तिथं कुठलं कलम लावणार? नाक्यावर गोळी सुटली तर ती दोन सरकारांमधली बाब. नाक्यापासून दहा कोस आत सुटली तर अंतर्गत. मरणाऱ्याला यात काय फरक पडतो?

जूनमध्ये तडजोडीचा मसुदा झाला. त्यात रझाकार टप्प्याटप्प्याने बंद करायचे आणि जबाबदार राज्यपद्धती आणायची, असं होतं. म्हणजे माणसांचा विषय अखेर कागदावर आला. निजामाने सही केली नाही. ऑगस्टमध्ये ‘इमरोज’चे संपादक शोएब उल्ला खान यांचा हैदराबादमध्ये खून झाला. ते भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहीत होते. रझाकारांना विरोध करणाऱ्यांत मुसलमानही होते, हे विसरू नका.

त्याच ऑगस्टमध्ये हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार केली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १६ सप्टेंबरला परिषद पॅरिसमध्ये बसली. तिथं भारताची बाजू काय होती? हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्रच नाही, त्याला इथं यायचा हक्क नाही, हा भारताच्या घरातला प्रश्न आहे. वाक्य तेच, बोलणारा बदलला! कायद्याच्या दृष्टीने त्यात दम होता. तरी ते वाक्य किती सहज हात बदलतं ते बघा. दुसऱ्या दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली. आपण तो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो, आणि करायलाच हवा.

तिसरी वेळ शाळेच्या भाषणांत सहसा येत नाही. पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यात आणि आसपासच्या जिल्ह्यांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. त्यातले असंख्य लोक रझाकार नव्हते, साधे शेतकरी, विणकर, मजूर होते. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाहणीसाठी पाठवलं. त्यांनी २९ नोव्हेंबरपासून सुमारे तीन आठवडे गावोगाव फिरून अहवाल दिला. अंदाज होता, किमान २७ ते ४० हजार मृत्यू. सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांना. हा अहवाल सरकारने छापला नाही. तो कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. आता बाहेरचं कुणी विचारणारं नव्हतं, आणि आतल्यांनी आतलं आतच ठेवलं.

याच काळात, १० डिसेंबर १९४८ ला, पॅरिसमध्येच संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्यातल्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ऐवजी ‘सर्व मानव’ हे शब्द आले, ते भारताच्या हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. सुंदरलाल समिती तेव्हा संस्थानात फिरतच होती.

मग मुत्सद्देगिरीत हा विषय काढूच नये का? मला उलट वाटतं. तो करार होण्याआधी काढावा, आणि कागदावर कलम म्हणून लिहून घ्यावा. नंतर आठवण करून दिली की ती तक्रार ठरते, आणि तक्रारीला उत्तर तयार असतं. दुसरं म्हणजे, शेजाऱ्याला जी मोजपट्टी लावतो तीच आपल्या कपाटातल्या अहवालालाही लावावी. नाहीतर समोरचा पहिलं बोट तिकडेच दाखवतो, आणि त्याचं चुकत नाही.

कनेरगावला आता करोडगिरी नाही, हाली शिक्का नाही. तुमच्या घरात त्या वर्षाची आठवण सांगणारं कुणी असेल, मग ते कुठल्याही धर्माचं असो, तर यंदा १७ सप्टेंबरच्या आधी त्यांच्याजवळ बसा. फोन रेकॉर्डिंगला लावा आणि त्यांना पूर्ण बोलू द्या. भेटूया पुढच्या भागात.