वॉशिंग्टन विद्यापीठाचे नौकानयन : सिएटलच्या तळ्यावरून ऑलिम्पिक सुवर्णापर्यंत

अमेरिकेतील महाविद्यालयीन नौकानयनाच्या इतिहासात सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे स्थान अनन्यसाधारण आहे. राजधानी वॉशिंग्टनशी या विद्यापीठाचा संबंध नाही. ते देशाच्या वायव्य कोपऱ्यातील वॉशिंग्टन राज्यात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी नौकानयन हा पूर्व किनाऱ्यावरील हार्वर्ड, येल, कॉर्नेल अशा जुन्या व प्रतिष्ठित संस्थांचा खेळ मानला जात होता. त्यांच्या मक्तेदारीला दूरच्या एका राज्य विद्यापीठाने शह दिला आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक पटकावले. या यशाचे श्रेय शिकण्याची तयारी असलेला प्रशिक्षक, नौका घडवणारा कारागीर आणि पथकाला आपले मानणारे शहर या तिघांकडे जाते.

पायाभरणी

हायरम कॉनिबेअर यांनी १९०७ मध्ये या पथकाची सूत्रे हाती घेतली, तेव्हा त्यांना वल्हवण्याचे ज्ञान जवळपास नव्हते. ते शिकागोच्या व्यावसायिक बेसबॉल संघाचे शारीरिक प्रशिक्षक होते. उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी मानवी शरीराच्या हालचालींचा अभ्यास केला. सांगाडा नौकेच्या आसनावर बसवून आणि त्याच्या हाती झाडूचा दांडा देऊन ते वल्ह्याचा प्रत्येक टप्पा तपासत, असे सांगितले जाते. त्यातून सिद्ध झालेली पद्धत ‘कॉनिबेअर स्ट्रोक’ या नावाने प्रसिद्ध झाली. वल्हे ओढल्यानंतर शरीर फार मागे न झुकवणे, हे तिचे वैशिष्ट्य होते. प्लमच्या झाडावरून पडून १९१७ मध्ये कॉनिबेअर यांचा मृत्यू झाला. मात्र त्यांचे शिष्य तोवर तयार झाले होते.

दुसरा आधार जॉर्ज पोकॉक यांचा. त्यांचे वडील इंग्लंडमधील ईटन शाळेसाठी नौका बांधत. जॉर्ज आणि त्यांचे बंधू डिक १९११ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे स्थलांतरित झाले. पुढील वर्षी कॉनिबेअर यांनी त्यांचा शोध घेऊन त्यांना सिएटलला येण्याचे निमंत्रण दिले. पहिल्या महायुद्धाच्या काळात जॉर्ज यांनी बोइंग कंपनीसाठी विमानांचे तराफे घडवले आणि १९२२ मध्ये ते पुन्हा नौकाबांधणीकडे वळले. परिसरातील देवदार जातीचे तांबडे लाकूड वापरून त्यांनी हलक्या आणि टिकाऊ नौका तयार केल्या. त्यांची कार्यशाळा पथकाच्या नौकागृहातच होती. नौदलाने १९१८ मध्ये सागरी विमानांसाठी उभारलेली ही इमारत युद्धानंतर विद्यापीठाकडे आली होती. नौका घडवताना पोकॉक विद्यार्थ्यांचे वल्हवणे न्याहाळत आणि योग्य वेळी मोजके शब्द सांगत. देशातील अनेक महाविद्यालये त्यांच्याकडूनच नौका विकत घेत. त्यामुळे प्रतिस्पर्धीही बहुधा सिएटलमध्ये बांधलेल्या नौकांतून शर्यतीत उतरत.

राष्ट्रीय विजेतेपद

हडसन नदीवर पोकीप्सी येथे भरणारी आंतरमहाविद्यालयीन शर्यत ही त्या काळातील सर्वोच्च कसोटी होती. रसेल कॅलो यांच्या मार्गदर्शनाखाली वॉशिंग्टनच्या मुख्य पथकाने १९२३ मध्ये ती जिंकली. पश्चिम किनाऱ्यावरील पथकाचा हा तेथील पहिलाच विजय होता. १९२४ आणि १९२६ मध्येही विजेतेपद सिएटलला आले. या यशस्वी पथकांतील ॲल अल्ब्रिकसन पुढे मुख्य प्रशिक्षक झाले.

विद्यापीठाने घडवलेली माणसे देशभर पसरली. एड लीडर येल विद्यापीठात, काय एब्राइट कॅलिफोर्निया विद्यापीठात, तर कॅलो पेनसिल्व्हेनिया आणि नंतर नौदल अकादमीत प्रशिक्षक झाले. महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ च्या स्पर्धा झाल्या नाहीत. १९२४ ते १९५२ या काळात प्रत्यक्ष झालेल्या सहाही ऑलिम्पिकमध्ये आठ वल्ह्यांच्या शर्यतीचे सुवर्ण अमेरिकेने जिंकले. येल (१९२४), कॅलिफोर्निया (१९२८, १९३२, १९४८), वॉशिंग्टन (१९३६) आणि नौदल अकादमी (१९५२) या सर्व विजेत्या पथकांचे प्रशिक्षक वॉशिंग्टनचेच माजी विद्यार्थी होते.

बर्लिन, १९३६

महामंदीच्या काळातील अल्ब्रिकसन यांच्या पथकात लाकूडतोड्यांच्या, शेतकऱ्यांच्या आणि कष्टकरी घरांतील मुलांचा भरणा होता. जो रँट्झ यांना तर किशोरवयातच कुटुंबाने एकटे सोडले होते. शिक्षणाचा खर्च त्यांनी मिळेल ते काम करून भागवला. पथकात स्थान म्हणजे विद्यापीठात अर्धवेळ कामाची हमी होती, त्यामुळे वल्हवण्यावर शिक्षणही अवलंबून होते.

१९३६ मध्ये वॉशिंग्टनने पोकीप्सीच्या मुख्य, कनिष्ठ आणि प्रथम वर्ष अशा तिन्ही आठ वल्ह्यांच्या शर्यती जिंकल्या. जुलैमध्ये प्रिन्स्टन येथील निवड शर्यतही या पथकाने जिंकली. मात्र त्यानंतर प्रवासखर्चासाठी पाच हजार डॉलर स्वतः उभारावे लागतील, असे पथकाला सांगण्यात आले. अन्यथा त्यांची जागा दुसऱ्या पथकाला मिळणार होती. सिएटलच्या वृत्तपत्रांनी आवाहन केले आणि राज्यभरातील नागरिकांनी काही दिवसांतच निधी जमवला.

अंतिम शर्यत १४ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनजवळील ग्रुनाऊ येथे ॲडॉल्फ हिटलरच्या उपस्थितीत झाली. वॉशिंग्टनच्या वाट्याला वारा झेलणारी बाहेरची मार्गिका आली होती. लय ठरवणारे डॉन ह्यूम आजारी होते. सुरुवातीला मागे पडलेल्या ‘हस्की क्लिपर’ या नौकेला कॉक्सवेन बॉब मॉक यांनी अखेरच्या टप्प्यात वेग दिला. अमेरिकेने २,००० मीटरचे अंतर ६ मिनिटे २५.४ सेकंदांत पार केले. इटली ६ मिनिटे २६.० सेकंदांसह दुसरा, तर जर्मनी ६ मिनिटे २६.४ सेकंदांसह तिसरा आला. पहिल्या तीन नौकांमध्ये अवघ्या एका सेकंदाचे अंतर होते. डॅनियल जेम्स ब्राउन यांनी २०१३ मध्ये या पथकावर पुस्तक लिहिले. त्यावर आधारित जॉर्ज क्लूनी दिग्दर्शित चित्रपट २०२३ मध्ये प्रदर्शित झाला.

लंडन ऑलिम्पिकमध्ये १९४८ साली वॉशिंग्टनच्या चार वल्हेकऱ्यांच्या पथकाने कॉक्सवेनसह सुवर्ण जिंकले. शीतयुद्धाच्या काळात, १९५८ मध्ये, आठ वल्ह्यांच्या पथकाने मॉस्कोत सोव्हिएत पथकाला पराभूत केले.

विद्यार्थिनींचा विलंबित प्रवेश

या गौरवशाली परंपरेत विद्यार्थिनींना मात्र दीर्घकाळ स्थान नव्हते. शतकाच्या आरंभी त्या वल्हवत होत्या आणि जॉर्ज पोकॉक यांची बहीण ल्युसी यांनी त्यांना शिकवलेही; परंतु पुढे तो उपक्रम बंद पडला. शासकीय साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांमध्ये लिंगभेदास मनाई करणारा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२ मध्ये झाल्यानंतर परिस्थिती बदलली. एकाच पथकात अनेक खेळाडूंना संधी मिळत असल्याने, खेळाडूंच्या संख्येतील तफावत कमी करण्यासाठी अनेक विद्यापीठांनी महिलांच्या नौकानयनाला प्राधान्य दिले.

बॉब अर्न्स्ट यांच्या प्रशिक्षणाखाली वॉशिंग्टनच्या महिलांनी १९८१ पासून सलग पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये अर्न्स्ट यांनीच प्रशिक्षण दिलेल्या अमेरिकी महिला पथकाने आठ वल्ह्यांच्या शर्यतीचे सुवर्ण जिंकले. महाविद्यालयीन क्रीडा संघटना ‘एनसीएए’ने १९९७ मध्ये महिलांसाठी पहिली अधिकृत स्पर्धा घेतली, तेव्हा विजेतेपद वॉशिंग्टनकडे गेले. १९९८, २००१, २०१७ आणि २०१९ मध्येही ते सिएटलला आले.

पुरुषांच्या पथकाने प्रशिक्षक मायकेल कॅलाहन यांच्या मार्गदर्शनाखाली २०११ ते २०१५ अशी सलग पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. विद्यापीठाचे सध्याचे नौकागृह कॉनिबेअर यांच्या नावाने ओळखले जाते. बर्लिनमध्ये जिंकलेली ‘हस्की क्लिपर’ तेथेच छताला टांगलेली असून तिच्याखाली आज विद्यार्थी आणि विद्यार्थिनी अशा दोन्ही पथकांची ये-जा असते.